मागून हाक

समुद्र दिल्लीपासून किती लांब आहे हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं, पण बिल्डरला कोण सांगणार? फरीदाबादच्या टेकड्यांमध्ये दगडाची एक जुनी खाण बंद पडली होती आणि तिच्यात पाणी साठलं होतं. शेजारी नवी कॉलनी उभारणाऱ्या कंपनीने तिच्या पश्चिमेच्या काठावर ट्रकच्या ट्रक वाळू आणून ओतली, पिंपांत माडाची रोपं लावली आणि वर पाटी ठोकली, 'सी-साइड सेलिंग अँड विंडसर्फिंग क्लब'. ते दिवसच तसे होते. देशाची दारं नुकती उघडली होती, लोकांच्या हातात पैसा खुळखुळत होता, टीव्हीवर चॅनेलांचा पूर आला होता. मग एखाद्या कॉलनीला समुद्र का नसावा? कुणी हसलं नाही. उलट नाव नोंदवायला रांग लागली.

शिकवायला माणूस मात्र अस्सल मिळाला. हेरंब तोडणकर मूळचा हर्णैचा. चालायच्या आधी पोहायला शिकला असं त्याची आई सांगायची आणि ते फार खोटं नसावं. नौदलात शिडाच्या होड्यांवर त्याने आयुष्य काढलं. शेवटची बदली दिल्लीच्या मुख्यालयात झाली आणि तिथे खुर्चीत बसून तो अक्षरशः वाळत चालला होता. निवृत्तीनंतर क्लबची नोकरी आली तेव्हा त्याने पगारसुद्धा नीट विचारला नाही. पाणी आहे ना, मग झालं.

त्याची बायको लता दिल्लीतच जन्मली, सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील मंत्रालयात कारकून होते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि पाणी म्हणजे नळाचं, तेही सकाळ-संध्याकाळ. तिला पोहता येत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा हर्णैला गेली आणि घोटाभर लाटेत ओरडली, तेव्हापासून सासरी तिचं नाव 'कोरडी सून' पडलं. हे सगळं प्रेमाने चालायचं, असं म्हणतात. पण वीस वर्षं प्रेमाने टोचलं तरी टोचतंच. लता हसायची आणि मनात मिटून जायची.

मुलगी रुचिता मात्र बापाची. खाण तशी माती. सोळाव्या वर्षी ती विंडसर्फिंगच्या बोर्डवर अशी उभी राहायची, की वाटावं पायाखाली पाणी नसून घरची फरशी आहे. तिचं मराठी दिल्लीच्या पोरांसारखं, अर्धं हिंदीत बुडालेलं, पण शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द तिला बापाने चोख दिले होते. "आई, तू टेन्शन नको घेऊस यार, बाबा आहेत ना," हे तिचं पालुपद होतं. बाबा आहेत, या दोन शब्दांवर त्या मुलीचं सगळं धैर्य उभं होतं.

हंगाम नारळी पौर्णिमेला सुरू झाला. हेरंबनेच तसं ठरवलं. दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, हा त्याच्या घरचा नियम, आणि दर्या नसला म्हणून काय झालं? दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळातली कुटुंबं बस करून आली, लताने पातेलंभर नारळीभात केला, रुचिताने सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ हातात घेतला आणि बापलेकीने मिळून तो खाणीच्या पाण्यात सोडला. टाळ्या पडल्या. थोड्या वेळाने तो नारळ डुलत डुलत परत वाळूला लागला. हेरंबने तो पुन्हा लांब फेकला. जेवणं होईपर्यंत तो पुन्हा आला होता, कागद निघालेला आणि शेंडी चिखलाने माखलेली.

"इथे भरती-ओहोटी नाही, बिचारा जाणार कुठे?" हेरंब म्हणाला आणि सगळे हसले. लताला हसू आलं नाही. वाहिलेलं परत आलं तर त्याचं काय करायचं असतं, हे तिला विचारावंसं वाटलं, पण कोरड्या सुनेने दर्याच्या गोष्टीत तोंड घालू नये. तिने तो नारळ पिशवीत घालून घरी नेला आणि नंतर बरेच दिवस तो ओट्याखाली तसाच पडून राहिला. फोडवेना आणि टाकवेना.

त्याच दिवशी हेरंबने पालकांना एकत्र बसवून क्लबची शिस्त समजावली. पोहता येवो न येवो, लाइफ जॅकेट हवंच. आणि दुसरा नियम सगळ्यांत मोठा: किनाऱ्यावरून कुणी हाक मारायची नाही. तुमच्याकडे घरातून बाहेर निघालेल्याला मागून हाक मारत नाहीत ना, तो म्हणाला, आमच्याकडे दर्यावर निघालेल्याला तर मुळीच नाही. अपशकुन सोडा, यात शहाणपण आहे. हाक आली की पोर मान वळवतं, मान वळली की शीड वळतं आणि होडी उलटते. म्हणून पाण्यावर असताना मागे बघायचं नाही, नजर पुढे. परत बोलवायचं झालं तर लाल बावटा दाखवायचा, आणि तो बावटा फक्त माझ्या मोटरबोटीत राहील. किनाऱ्यावर ठेवला तर रोज एखादी घाबरट आई उठून फडकवेल. हे बोलताना त्याने लताकडे बघून डोळा मिचकावला. आया हसल्या, लतासुद्धा हसली.

पोरांना हा नियम फार आवडला. कुठल्या पोराला आईच्या हाकेला न वळण्याची परवानगी मिळाली तर आवडणार नाही? पण तो पाळायचा कसा, हे रुचितालाच खरं साधलं. हेरंब तिची परीक्षा घ्यायचा. ती पाण्यावर असताना किनाऱ्यावरून मुद्दाम ओरडायचा, "रुचे, साप! रुचे, आई पडली!" आणि ती पाठ न वळवता सरळ पुढे जायची. परत आल्यावर तो तिच्या पाठीवर थाप मारायचा. आई पडली, हे ऐकूनही मुलगी वळली नाही याचं कौतुक बघत लता डबा उघडून बसलेली असायची.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि पाणी उतरू लागलं. आसपासच्या चालू खाणी दिवसरात्र पंपाने पाणी उपसत होत्या, त्यांच्याबरोबर हीही आटत होती. वाळूच्या समोर, पूर्वेला, कापलेल्या दगडाची सरळ भिंत होती. तिच्यावर पाण्याची जुनी पांढरी रेघ दर महिन्याला आणखी उंच दिसू लागली. आधी पाण्यातून दगडाची एक पायरी वर आली. मग गंजलेला खांब. मग भिंतीच्या पायथ्याशी, पाण्याखाली, लोखंडी दोराची वेटोळी दिसू लागली. खाणीत काम चाललं तेव्हा रुळांवरच्या दगडाच्या वाघिणी ओढायला तो दोर होता, कुणी काढून नेला नव्हता. पावसाळ्यात ज्याच्यावरून पोरं खिदळत गेली होती, ते सगळं तिथेच खाली वाट बघत होतं, एवढंच.

"ओहोटी लागलीय," हेरंब म्हणाला.

"ओहोटी म्हणजे?" रुचिताने विचारलं. हा शब्द तिने ऐकला होता, पण त्याचा अर्थ मात्र तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. बापाने समजावलं, तेव्हा तिने सहज विचारलं, "मग हे पाणी परत कधी येणार?" हेरंब बोट घेऊन दोराकडे गेला. त्याने दोराच्या बाजूला एक लाल पिंप तरंगत बांधलं आणि त्याच्या पलीकडे जायचं नाही असं पोरांना बजावलं.

होळी झाली तशी लताने पहिल्यांदा विषय काढला. आता हंगाम बंद करा ना, म्हणाली. हेरंबला नवल वाटलं. आता? आमच्याकडे चैत्र-वैशाखासारखा दर्या नाही. सकाळी मतलई वारा, दुपारी खारा वारा, घड्याळ लावून घ्यावं. मृग लागायच्या आधी होड्या वर ओढायच्या, त्याआधी नाही. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोठी शर्यत ठेवलीय, कंपनीने पाहुणे बोलावलेत, कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथीगृहातले साहेबसुद्धा येणार आहेत.

"अहो, इथे मे महिन्यात आंधी येते," लता म्हणाली.

"येऊ दे की. धुळीने होडी बुडत नाही," हेरंब म्हणाला आणि पुन्हा शिडाला टाके घालू लागला.

दिल्लीची आंधी त्याने पाहिली नव्हती असं नाही. पण त्याने ती ऑफिसच्या काचेतून पाहिली होती. लताने ती गच्चीवर पाहिली होती. लहानपणी सगळ्या क्वार्टरमधल्या बायका कपडे आणि पापड गोळा करायला कशा धावायच्या, ते तिच्या अंगात होतं. आधी लू थांबते. दिवसभर भट्टीसारखी वाहणारी हवा एकदम पडते, पान हलत नाही. घारी आणि कावळे कुठे जातात कळत नाही. मातीचा एक कोरडा वास येतो. आणि मग पश्चिमेला आभाळाची कड पिवळी पडते. ती कड दिसली की बोलत उभं राहायचं नसतं. हे तिला सांगायचं होतं, पण कसं सांगणार? कपडे वाळत घालणाऱ्या बाईची अक्कल नौदलाच्या माणसाला कुठे लागू पडणार, असं तिनेच मनाशी म्हटलं आणि गप्प राहिली. तिचा तरी काय दोष म्हणावा? वीस वर्षं ज्याला हसून दाखवलं, तो भित्रेपणा एके दिवशी उठून शहाणपण म्हणून कसा मिरवायचा?

तो रविवार उजाडला तोच तापलेला. दुपारपर्यंत वाळूवर पाय ठेववेना. कंपनीने शामियाना टाकला होता, सरबतं होती, साहेब आले होते, लाउडस्पीकरवर गाणी होती. लता मंडळातल्या सुनीतीजवळ बसली होती. सुनीती मूळची सोलापूरची, शास्त्री भवनात नोकरीला. तिची नऊ वर्षांची सुरुची लहान मुलांच्या शर्यतीत होती. ऊन कललं तेव्हा हेरंबने शिट्टी दिली. लहान होड्या अर्ध्या पाण्यापर्यंत जाऊन फिरणार होत्या, मोठी मुलं बोर्डवरून थेट समोरच्या भिंतीजवळच्या खुणेपर्यंत. हेरंब स्वतः मोटरबोट घेऊन त्या खुणेपाशी गेला, लाल पिंपाच्या आणि पोरांच्या मध्ये. त्याचं तोंड भिंतीकडे होतं, नजर पाण्याखालच्या दोरावर. पोरं तिकडे जाऊ नयेत म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बसला होता. सगळी काळजी त्याने घेतली होती, पण समोरची.

रुचिता मोठ्या मुलांत सगळ्यांच्या पुढे होती, अर्ध्या पाण्यात लहान होड्यांच्या शेजारून चालली होती. तिचं पिवळं शीड भरलेलं होतं आणि ती मागे रेलून उभी होती. तेवढ्यात ते शीड सैल पडलं.

लू थांबली होती. शामियान्याची झालर खाली लोंबली. पाण्यावर सगळी शिडं जिथल्या तिथे उभी राहिली आणि कुणीतरी लाउडस्पीकरवर म्हणालं, आता जरा विश्रांती. लोक हसले. लताला मात्र तो वास आला. तिने वर पाहिलं, एकही घार नव्हती. मग तिने मागे वळून पाहिलं. क्लबच्या इमारतीच्या मागे, नव्या कॉलनीच्या अर्धवट बांधलेल्या मजल्यांच्या वर, आभाळाची कड पिवळी नव्हती. ती तपकिरी होती, जमिनीपासून आभाळापर्यंत उभी, आणि तिच्या पायथ्याचे विजेचे खांब एकेक करून दिसेनासे होत होते. पाण्यावरच्या सगळ्यांची पाठ तिकडे होती.

ती उठली आणि वाळूतून पाण्यापर्यंत धावली. तिथे क्षणभर थांबली. हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारायची नाही. हाक मारली आणि पोर वळलं, पडलं तर? बावटा नवऱ्याच्या बोटीत होता. तिच्याजवळ गळ्याशिवाय काही नव्हतं.

"रुचे! परत ये! आंधी येतेय, रुचे!"

वारा नव्हता. भिंतीवर आपटून तिची हाक परत तिच्याकडे आली, इतकी ती स्वच्छ गेली. सुनीती मागे आली, सर रागावतील म्हणाली, आणि मग लताचा चेहरा बघून तिनेही सुरुचीला हाक घातली. मग दुसरी आई, तिसरी. हिंदीत, पंजाबीत, मराठीत सगळ्या ओरडू लागल्या. आणि पोरं वळली. शिस्त शिकवलेली, शपथा घातलेली पोरं, आईचा तो आवाज ऐकताच माना वळवून बघू लागली. मागचं आभाळ त्यांना दिसलं आणि ती जिवाच्या आकांताने हातांनी पाणी मारत किनाऱ्याकडे निघाली. दोन होड्या उलटल्या, पण त्या उथळ पाण्यात. बाया साड्यांसकट आत शिरून पोरांना ओढत होत्या.

पिवळं शीड वळलं नाही. त्याच्याही पुढे मोटरबोटीतली पाठ वळली नाही. लता ओरडत राहिली. एकदा, फक्त एकदा, रुचिताचं डोकं जरासं हललं असं तिला वाटलं, आणि मग ते पुन्हा समोर बघू लागलं. तितक्यात लताच्या मागून शामियाना उखडला, तोंडात माती भरली आणि समोरचं काही दिसेनासं झालं.

आंधी फार वेळ टिकत नाही. टिकायची तिला गरजही नसते. ती ओसरली तेव्हा हेरंब भिंतीच्या एका पायरीला धरून लोंबकळत होता, बोट फुटली होती, आणि पिवळ्या शिडाची चिंधी लाल पिंपाच्या पलीकडे तरंगत होती. तो तिथे पुन्हा पुन्हा बुड्या मारत राहिला, त्याला धरून वर काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी रुचिताला वर आणलं. वाऱ्याने तिला बोर्डसकट भिंतीवर नेऊन टाकलं होतं, शीड पेलायला कमरेला बांधलेल्या पट्ट्याचा आकडा त्या लोखंडी दोरात अडकला होता. तिचं जॅकेट नीट बांधलेलं होतं. शिस्तीत तिने कुठेही कसूर केली नव्हती.

घरी माणसं भेटायला येत राहिली. मंडळातले आले, नौदलातले आले, हर्णैहून दीर आले. प्रत्येकाला हेरंब तेच सांगायचा. लताने हाक मारली होती, पण वारा उलटा होता, त्यामुळे रुचिताला ऐकू गेलं नाही. वाऱ्यापुढे कुणाचं चालतं? माणसं माना हलवायची. लता आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून ऐकायची. वारा नव्हताच, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मग एके दिवशी सुनीती सुरुचीला घेऊन आली. पोर लताला चिकटून बसली आणि हळूच बोलली. दीदीचा बोर्ड माझ्या होडीजवळच थांबला होता, म्हणाली. मी रडत होते. दीदीने सांगितलं, तू जा, तुझी मम्मी बुलाती है. मी म्हटलं, तुझी पण बोलावतेय.

"मग?" लताने विचारलं.

"दीदी बोली, ये बाबांचा टेस्ट आहे. मी नाही वळणार."

सुनीतीने पोरीच्या तोंडावर हात ठेवला, पण जे व्हायचं ते झालं होतं. हेरंब दारात उभा होता. त्याच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. पाहुण्या गेल्यावरही तो तिथेच उभा होता.

लताने ओट्याखालचा तो नारळ काढला. आत पाणी आटून तो खडखडत होता. तिने तो फोडला नाही, नुसता मांडीवर घेऊन बसली. वीस वर्षांत नवऱ्याला कधी उलट विचारलं नव्हतं, ते तिने त्या दिवशी विचारलं.

"तुम्ही ऐकली होती का माझी हाक?"

हेरंबने हातातला पेला खिडकीत ठेवला. आपण खोटं बोलू शकतो, हे त्याच्या तोंडावर दिसलं, आणि आता खोटं पुरे झालं हेही दिसलं.

"ऐकली," तो म्हणाला. "मला वाटलं, नेहमीसारखी घाबरली असशील."

लताने मान हलवली. तिला राग आला. इतका राग तिला जन्मात कधी आला नव्हता. तो हेरंबवर होता, हर्णैच्या हसणाऱ्या माणसांवर होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर, त्या हसण्यात हसणाऱ्या बाईवर. पण रडून ओरडून तो काढावा इतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. ती उठली, नारळ परत ओट्याखाली ठेवला आणि कुकर लावला.

जूनचा पहिला आठवडा होता. क्लबला कुलूप लागलं होतं. त्या दुपारी लता कपडे घड्या करत असताना खिडकीचा पडदा हलायचा थांबला. रस्त्यावरचा कडुनिंब गप्प झाला. ती उठली, गच्चीवर गेली आणि दोरीवरचे कपडे भराभर ओढू लागली. खाली हेरंब फाटकाबाहेर रस्त्याच्या मधोमध उभा होता. हल्ली तो असा कुठेही उभा राहायचा. त्याची पाठ पश्चिमेकडे होती आणि पश्चिमेची कड पिवळी पडली होती.

ती कपडे छातीशी धरून कठड्यापाशी आली.

"अहो," तिने हाक मारली. फार मोठ्याने नाही.

हेरंब पहिल्या हाकेला वळला.